बोर्डवाल्यांनो, टेंडर भरा की ओ!

किती दिवस तेच ते करायचं? वाढदिवसाचे फ्लेक्स, मंडळाची कमान, किराणा दुकानाचा चार बाय दहाचा बोर्ड. गिऱ्हाईक समोर उभं राहतंय, निम्मे पैसे आधी देतंय, निम्मे बोर्ड चढल्यावर देतंय. ह्याला काय धंदा म्हणायचा होय? जरा बेळगावात खानापूर रोडला, गणेशपूरला फिरून या, बिल्डिंगी कशा उठायल्यात बगा. बिल्डिंगला नाव लागतंय, फ्लॅटला नंबर, पार्किंगला बाण, जिन्यात तो हिरवा पळणारा माणूस. मोठं काम घ्या आता.

पहिल्यांदा बीओक्यू, म्हणजे टेंडरमधली कामांची यादी, उघडा. सिमेंट-सळी, प्लंबिंग, टाइल्स सगळं होऊन, बागेतल्या हिरवळीच्याही खाली, एका ओळीत आपण असतो: "साइनेज, कम्प्लीट, लमसम." साइज नाही, अक्षरं स्टीलची की अॅक्रिलिकची ते नाही. आर्किटेक्टला विचारत बसू नका, तो म्हणणार ड्रॉइंगप्रमाणे, आणि ड्रॉइंग काढायचंच राहिलेलं असतंय. आपला अंदाज बांधा, अॅल्युमिनियमची एसीपी शीट, एलईडी मॉड्यूल, पॉवर सप्लाय, वेल्डर, दोन पोरं. पाचव्या मजल्यावर लेटर, म्हणजे बोर्डाची सुटी अक्षरं, चढवायला क्रेन लागणार हे तेवढं लिहू नका, परांची असेलच की तिथं असं धरून चाला. असतीच. तुमची पाळी यायच्या आदल्या दिवशीपर्यंत असती.

आता बेरीज आली की त्यातनं दहा टक्के काढा, कारण उद्यमबागेतला, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीतला, तो दुसरा बोर्डवाला कमी भरणार. तोही तुमच्या भीतीनं दहा टक्के काढतोय, त्यामुळे एकमेकाचं तोंड न बघता दोघं मिळून बिल्डरचं भलं करताय, पुण्य लागतंय.

सरकारी काम पाहिजे? पोर्टलवर जा, डिजिटल सिग्नेचर घ्या, ईएमडी, म्हणजे टेंडरची अनामत, भरा. खरेदी पारदर्शक व्हावी म्हणून कर्नाटकात १९९९ चा कायदा आहे, आपल्या तीन एमएम अॅक्रिलिकसारखा, सगळं आरपार दिसतंय. मागचा टर्नओव्हर आणि तसल्याच कामाचं सर्टिफिकेट मागतात, आणि ते सर्टिफिकेट मिळायला आधी तसलंच काम मिळावं लागतंय, तेवढं जमवा. नाही जमलं तर मोठ्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली सब-कॉन्ट्रॅक्टर म्हणून घुसा, तिथं टर्नओव्हर कोण विचारत नाही. पैशाचंही कोण विचारत नाही.

मोजमापाला मात्र स्वतः जा, मजा तिथं आहे. लेटरचा दर उंचीच्या इंचावर. आता कन्नड ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, खाली लोंबतंय, मराठी रफार वर चढतोय, वेलांटी मागनं-पुढनं येती, आणि साइट इंजिनिअर टेप लावतो फक्त मधल्या अंगाला. इंग्लिशवाल्याला हा त्रास नाही, सगळी कॅपिटल एका उंचीची, गुणी पोरांसारखी उभी. तुम्ही वाद घालू नका, काना-मात्रा सगळं फुकट धरा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा मराठीत वाढली काय, तर एक वेलांटी. एका वेलांटीचं बिल कुठल्या तोंडानं लावणार?

शिवाय कर्नाटकाच्या कन्नड भाषेच्या कायद्यात २०२४ ची दुरुस्ती आलीय, धंद्याच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड, आणि तेही वरच्या अर्ध्या भागात. आता ६० टक्के निम्म्यात कसं बसवायचं ते बोर्डवाल्यानं बघायचं, आपल्याकडं कला आहे म्हणून तर दिलंय. खाली उरल्या जागेत बिल्डरचं इंग्लिश, त्याचा लोगो, फोन नंबर, आणि त्याच्या वडिलांचा हट्ट म्हणून मराठी, जे कुरिअरवाल्याला भिंगातनं दिसलं तरी पुष्कळ. (माझ्या आज्जीला ते वाचायला दाखवलं तर म्हणाली, मुंग्या चालल्यात का रे?)

मग बिल. बिल फाडलं की १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरून टाका, पैसे आले का नाही ते सरकार विचारत नाही, तुम्हीपण विचारू नका. मेन कॉन्ट्रॅक्टर सांगणार, वरनं आले की देतो. पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे काम टिकतंय का बघायला अडकवलेले पैसे, वर्षभर त्याच्याकडं, आणि त्या वर्षात आपला बेळगावचा पाऊस येतोय, पॉवर सप्लायमध्ये पाणी शिरतंय, बोर्डातलं एक अक्षर विझतंय. फुकट जाऊन लावून या. लहान धंद्यांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज असं छापलंय. ते पान लहान धंद्याच्या नोंदणीच्या उद्यम सर्टिफिकेटसोबत फ्रेम करून दुकानात लावा, फ्रेम आपल्याकडं होतीच. व्याज मागितलं की पुढचं काम कोणाला जाईल ते उद्यमबागवाल्याला विचारा.

आणि अकाउंट सेक्शनला जात राहा. तिथला माणूस मान वर न करता कन्नडमध्ये म्हणणार, "नाळे बर्री," म्हणजे उद्या या. पूर्वी भूत येऊ नये म्हणून लोक दारावर "नाळे बा", उद्या ये, असं लिहायचे, भूत वाचून परत जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं, परत वाचायचं. आता तुम्ही ते भूत. मग धंदा सोडताय कशाला, त्याच दारासाठी "नाळे बर्री" असा स्टील लेटरचा बोर्ड सुचवा की. शंभर टक्के कन्नड, नियमातही बसतंय.

साहेबाला आयडिया आवडणार. फक्त कोटेशन तीन लागतील, दुसरी दोन कुणाच्या तरी लेटरहेडवर तुम्हीच घेऊन यायची.