सोबत बसा म्हणे! कुणासोबत?

सोबत बसून काम केलं की नव्या कल्पना सुचतात, आपुलकी वाढते, कंपनीची संस्कृती टिकते. असा मेल आलाय. वर एक फोटो. एका लॅपटॉपवर पाच पोरंपोरी वाकलीत आणि सगळी खिदळतायत. अख्ख्या नोकरीत एका लॅपटॉपवर पाच माणसं वाकलेली मी एकदाच पाहिली. तेव्हा प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टिम, बंद पडलं होतं आणि कुणीही हसत नव्हतं.

तर आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात यायचं. दारात कार्ड स्वाइप करायचं, त्याचा हिशेब मॅनेजरकडं जाणार आणि वर्षअखेरच्या रेटिंगमध्ये तो धरणार. कंपनीचं नाव लिहीत नाही, घराचे हप्ते चालू आहेत.

मी लातूरची. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, ऑफिस पुण्यात, हिंजवडीला. नवरा औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. लेकरू दुसरीत. सासूबाईंचे गुडघे गेलेले. मार्च २०२० मध्ये याच कंपनीनं घाईघाईत लॅपटॉप हातात दिले आणि सांगितलं, गावाकडं जा, पण काम थांबवू नका. नाही थांबवलं. रात्री-अपरात्री रिलीज केले, पाहुण्यांच्या लग्नात मंडपामागं बसून बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, लिहिले. दूरसंचार खात्यानं नोव्हेंबर २०२० मध्ये घरून कामाचे नियम सैल केले तेव्हा हाच सगळा उद्योग खूश होता. तेव्हा आमचे मोठे साहेब व्हिडिओवर येऊन सांगत होते की कामाला जागा लागत नाही, मन लागतं. आता मन तेच आहे, जागा मात्र भाड्याची घेऊन ठेवलीय ना, ती रिकामी दिसते.

लोक म्हणतात, शिफ्ट व्हा ना मग पुण्याला. व्हा काय? नवऱ्याची आंतरजिल्हा बदली कोण करून देणार, हा मेल पाठवणारे? त्या बदलीची वाट बघता बघता लोकांची लेकरं कॉलेजला जातात. एका पुणेकर सहकाऱ्यानं तर कमाल केली. म्हणाला, "अगं, संभाजीनगरहून चार-पाच तासांत तर येतेस ना?" बाबा रे, लातूरहून संभाजीनगरला जायचं तरी अर्धा दिवस जातो. यांच्या नकाशात मराठवाडा म्हणजे एकच स्टँड आहे आणि आम्ही सगळे तिथं उभे आहोत.

रविवारी रात्री ट्रॅव्हल्स. रेल्वेचं म्हणाल तर मुंबईच्या गाडीला ऐनवेळी तिकीट मिळत नाही. तीच गाडी २०१७ मध्ये बिदरपर्यंत लांबवली तेव्हा लातूरकर उगाच रस्त्यावर उतरले नव्हते. म्हणून ट्रॅव्हल्स. वरचा स्लीपर, एसीचं झाकण तुटलेलं, गार वारा नेमका कपाळावर. मुरूड, बार्शी, टेंभुर्णी, आणि टेंभुर्णीपर्यंतचा रस्ता असा की झोप लागली तरी डोकं पत्र्यावर आपटून जाग येते. मध्यरात्री कुठल्यातरी ढाब्यावर गाडी थांबते. बायकांच्या बाथरूमला आतून कडी नसते, एकीनं दार धरायचं, दुसरीनं जायचं. अनोळखी बायका एकमेकींची दारं धरतात. कंपनीला टीम बाँडिंग बघायचं असेल तर तिथं या, रात्री दीड वाजता. पुढं इंदापूर, भिगवण, आणि पहाटे हडपसरला उतरवून देतात. खरा प्रवास तिथून पुढं. हडपसर ते हिंजवडी म्हणजे अख्खं पुणं आडवं कापायचं. हिंजवडीच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं होतं. तेव्हापासून हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकात, ट्रॅफिकमध्ये जेवढा वेळ मी काढलाय तेवढ्यात मशीन लर्निंगचा एखादा कोर्स सहज झाला असता.

पीजीवर जाऊन अंघोळ, आणि साडेनऊला जागेवर. जागेवर म्हणजे कुठं, ते ॲप सांगणार. स्वतःचा डेस्क आता नाही, आदल्या दिवशी बुक करायचा. मागच्या सोमवारी मिळालेल्या डेस्कला मॉनिटर होता, पण केबल नव्हती. आयटीवाल्याला फोन केला तर म्हणाला, तिकीट टाका, म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवा. तिकीट टाकलं. तिकीट बंद झाल्याचा मेल दुपारी आला, केबल आली नाही. घरी माझे दोन मॉनिटर आहेत, एक ऑफिसनंच दिलेला.

आता सोबतीचं बघा. आमच्या टीमचा मॅनेजर बेंगळुरूला. डेव्हलपर हैदराबाद आणि नोएडात. क्लायंट टेक्सासात. पुण्यात आम्ही दोघंच, मी आणि परभणीचा एक पोरगा. सकाळची स्टँडअप मीटिंग, म्हणजे कामाचा रोजचा आढावा, सुरू होते ती टीम्सवर, ऑनलाइन कॉलवर. मी हेडफोन घालून बसते, तो चार खुर्च्या सोडून हेडफोन घालून बसतो. मी बोलले की माझा आवाज त्याच्या माइकमधून परत येतो. मॅनेजर बेंगळुरूहून ओरडतो, "समबडी प्लीज म्यूट!" तो म्यूट करतो. मग त्याची पाळी येते, तो म्यूटवरच बोलतो. मी खुर्चीतून वाकून हातवारे करते. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून मी ऑफिसात ही एवढी कामगिरी बजावते, की चार खुर्च्यांपलीकडच्या माणसाला सांगते, बाबा, अनम्यूट कर.

मीटिंग रूम? त्या सगळ्या बुक असतात. आत बघावं तर एक माणूस एकटाच बसून कॉलवर बोलतोय. त्याचंही बरोबर आहे, बाहेर बोलायचं तर शेजारी सेल्सवाले. एकाच हॉलमध्ये दीडशे माणसं, प्रत्येकजण दुसऱ्या शहरातल्या कुणाशी तरी बोलतोय आणि शेजाऱ्याला खुणेनं सांगतोय, हळू बोल.

आणि हे माझं एकटीचं रडगाणं नाही. हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या दोघांनी २०१८ मध्ये अभ्यास छापला. दोन मोठ्या कंपन्यांनी केबिन-पार्टिशन काढून सगळ्यांना मोकळ्या हॉलमध्ये आणलं, तेव्हा लोकांच्या गळ्यात सेन्सरचे बिल्ले अडकवून यांनी मोजलं की कोण कुणाशी बोलतं. समोरासमोरचं बोलणं वाढायचं सोडून सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. ईमेल आणि चॅट वाढलं. साहजिक आहे. दीडशे डोळे आपल्यावर असताना कोण कुणाच्या डेस्कवर जाऊन अक्कल विचारेल? टाइप करून विचारतो माणूस.

हा अभ्यास मी एचआरच्या बाईंना पाठवला. उत्तर आलं, "थँक्स फॉर शेअरिंग!" सोबत हात जोडलेले.

दुसरा पाठवणार होते, मग राहू दिलं. स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांचा, २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीतल्या १,६१२ जणांवर प्रयोग. काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. कामात फरक नाही, बढतीत फरक नाही. मात्र नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं कमी झालं, आणि ते घटलं प्रामुख्यानं बायकांमध्ये, लांबून येणाऱ्यांमध्ये आणि जे मॅनेजर नाहीत त्यांच्यात. म्हणजे नेमकी मी! पण मग मनात आलं, लोक नोकरी सोडून जावेत असंच यांना वाटत असेल तर? कमी करायची माणसं आपणहून राजीनामा देतात, नोटीस नको, पैसे नकोत. हा माझा संशय आहे. पण माझ्याबरोबरच्या, लेकरं असलेल्या दोघींनी या मेलनंतर राजीनामे टाकले, आणि त्यांच्या जागा भरायची कुणाला घाई दिसत नाही.

पुण्यातच राहणारे हुशार. साडेदहाला येतात, कार्ड स्वाइप करतात, चहा घेतात, चार जणांना तोंड दाखवतात आणि जेवणाआधी घराकडं, राहिलेलं काम तिथून. लग्नात अक्षता टाकून, पाकीट देऊन पंगतीआधी सटकणाऱ्या पाहुण्यांसारखं. हजेरी लागली, विषय संपला. मी लातूरची, मी कुठं सटकू?

बरं, घरी काही स्वर्ग नाही, तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई घरी लोळत असेल. आमच्याकडं बाईमाणूस दिवसा घरात दिसलं की ते रिकामंच असतं. शेजारच्या काकू सरळ आत येतात, "काय करायलीस गं? घरीच हाईस ना, जरा गॅसवाला आला तर घेऊन ठेव." मावशींना अजून वाटतं माझी नोकरी सुटली आणि मी लाजेपोटी सांगत नाही. नवऱ्याच्या चुलत्यांनी तर तोंडावर विचारलं, "पगार पूर्ण देतात का मग, का निम्मा?" लातूरला नळाला पाणी रोज येत नाही हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं आम्हाला. त्यामुळं नळ आले की घरात जी पळापळ होते तिला मीटिंगबिटिंग कळत नाही. एकदा भर क्लायंट कॉलमध्ये सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाळी दिली, "नळ आले गंऽऽ!" टेक्सासचा माणूस म्हणाला, "इज एव्हरीथिंग ओके?" मी म्हटलं, व्हेरी ओके, आणि मोटर लावून आले. बग त्याच दिवशी सापडला, हेही लिहून ठेवा.

लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला, माझ्या पैशानं. नेट जातं म्हणून दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतली, माझ्या पैशानं. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या आवाजात कॉल ऐकू येत नाही म्हणून ट्यूशन एरियातल्या अभ्यासिकेत महिन्याची जागा घेतली. आजूबाजूला नीटची पोरं, टाचणी पडली तरी माना वळतात. कॉल आला की जिन्यात जायचं. तिथला जो मालक आहे त्यानं कधी विचारलं नाही की ताई, तुम्ही किती तास बसलात. त्याला भाडं मिळतं, मला शांतता. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीपेक्षा त्या जिन्यात माझं जास्त काम झालंय.

मला आता कळेना झालंय की आमच्या मावशी आणि आमचे साहेब यांच्यात फरक काय. दोघांनाही बाई ऑफिसात बसलेली दिसली तरच ती काम करते. मावशींचं मी समजू शकते, त्यांनी नोकरी म्हणजे डबा घेऊन निघालेला माणूसच पाहिलाय. पण साहेब, तुमच्याकडं माझे सगळे आकडे आहेत हो! किती टेस्ट लिहिल्या, किती बग पकडले, किती वाजता रिलीज झाला. ते सोडून तुम्ही दाराच्या मशीनला विचारता, ती आली होती का?

एक गोष्ट मात्र खरी. नव्या पोरांना शेजारी बसून शिकायला मिळालं पाहिजे. परभणीच्या त्या पोराला मी शेजारी बसवून लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, कसे वाचायचे ते दाखवलं, ते त्याला कॉलवर महिनाभर कळत नव्हतं. त्यासाठी बोलवा की! रिलीजचं नियोजन असेल, नवीन माणसं आली असतील, तर तीन महिन्यांतून एकदा आठवडाभर बोलवा, बेंगळुरू-नोएडाचेही बोलवा, मी ट्रॅव्हल्सचं तिकीट स्वतः काढून येते. पण त्यात विमानभाडं कंपनीला पडतं ना. माझा प्रवास फुकट.

कोविडच्या त्या दोन वर्षांत आमच्या गल्लीत किती पोरं परत आली होती! कुणी वरचा मजला बांधला, कुणी म्हाताऱ्या बापाला वेळेवर दवाखान्यात नेलं. पुण्याचं घरभाडं लातूरच्या किराणा दुकानात खर्च झालं. 'लातूर पॅटर्न' म्हणून जग आम्हाला ओळखतं, म्हणजे पोरं घडवायची इथं आणि पाठवायची तिकडं. पहिल्यांदाच पोरं नोकरी घेऊन घरी आली होती. आता एकेक करून परत चाललीत, हिंजवडी, वाकड, मारुंजी, खोलीत तिघं-तिघं.

बुधवारी टाउन हॉल, म्हणजे साहेबांची सगळ्यांसोबतची सभा, आहे. ऑनलाइन, अर्थात. प्रश्न विचारायला लिंक दिलीय, नाव न टाकता विचारता येतो म्हणतात. मी नाव टाकून विचारणार आहे: सर, मी माझ्या टीमसोबत बसायला तयार आहे, तर नोएडाची माणसं पुण्याला कधी येणार, आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः कुठल्या शहरातून लॉगिन करणार?