कारगिल नव्हे, जाफना

आज २६ जुलै. पेडण्याहून येताना रस्त्याकडेला बॅनर दिसला आणि डोकंच फिरलं. कारगिलच्या हुतात्म्यांना अभिवादन, आणि फोटोंच्या रांगेत आमचा काका! अरे, कारगिल १९९९चं. काका गेला १९८७च्या ऑक्टोबरात, श्रीलंकेत, जाफन्याला. बॅनरवर ज्याचा नंबर होता त्याला फोन लावला, तर म्हणतो, "हुतात्मो तो हुतात्मोच मरे, किदें फरक पडटा?"

पडतो. बावीस वर्षांचा पोरगा होता तो, मराठा लाईट इन्फंट्रीतला. मे महिन्यात गोवा राज्य झालं तेव्हा रजेवर घरीच होता. २९ जुलैला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला, आपलं सैन्य 'शांतिसेना' म्हणून गेलं, आणि ज्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेकडून शस्त्रं काढून घ्यायची तिच्याशीच ऑक्टोबरात लढाई जुंपली. घरी यातलं काही कळत नव्हतं. पत्रावर पत्ता एकच, द्वारा ५६ ए.पी.ओ., म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस, गावाचं नाव नाहीच. आजी पोस्टमनला विचारायची, "हो गांव खंय आसा रे?"

मग आली ती काळी पत्र्याची पेटी. वर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर आणि नाव. आत मच्छरदाणी, घड्या घातलेले कपडे, शेव्हिंग क्रीमची मधेच पिळलेली ट्यूब. ती ट्यूब आजीने कुणाला टाकू दिली नाही.

आजीला गाव कळलं नाही ते नाहीच, आणि आता आपणही त्याला भलत्याच डोंगरावर नेऊन मारतोय! कारण जिंकलेल्या लढाईत फोटो शोभून दिसतो. श्रीलंकेचं नाव काढायला अवघड वाटतं. अकराशेहून जास्त जवान गमावून सैन्य १९९०च्या मार्चमध्ये मद्रासला उतरलं, तर मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत. तिथे जायलाच नको होतं म्हणता? असेल. पण तो करार काकाने केला नव्हता.

असो. पोरांनी पदरमोड करून बॅनर लावला, हेही खरं. त्यांचा जन्मच नंतरचा, आणि शाळेत हे शिकवतो कोण.

कोलंबोला, त्यांच्या संसदेजवळ, शांतिसेनेचं स्मारक आहे, नावं कोरलेलं. ते श्रीलंकेने उभारलं. आपलं दिल्लीतलं राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २०१९ उजाडलं! तुमच्यापैकी बरेचजण हल्ली श्रीलंकेच्या टूरला जातात. कुणी जाणार असाल तर काकाचं पूर्ण नाव इनबॉक्समध्ये देतो. तेवढं शोधून फोटो काढून आणा.