पासवर्ड बदलला म्हणून धंदा तुमचा होत नाही

ऑनलाइन धंद्यातली भागीदारी मोडली तर काय करायचं, याचा पाच कलमी संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. काल तो माझ्या धाकट्या बहिणीकडे पोचला. तिचं आणि तिच्या भागीदाराचं बिनसलंय. लगेच तिचा फोन: "दादा, आज रात्रीच सगळे पासवर्ड बदलून टाकू का?" तिला थांबवलं, पण असे किती जण आज रात्री ते करून बसतील, या काळजीने लिहितोय.

पहिलं कलम म्हणतं, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) ज्याच्या नावावर, धंदा त्याचा. यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) नोंदीतल्या नावाशीच बोलतो, दुसऱ्याला दारात उभं करत नाही. पण हा झाला ताबा. डोमेन कुणाच्या पैशाने आणि कुणासाठी घेतलं, दरवर्षीचं नूतनीकरण कुठल्या खात्यातून झालं, यावरून मालकीचा वाद लढवता येतो. पावत्या जपून ठेवा.

दुसरं कलम सगळ्यात घातक: 'समोरच्याच्या आधी पासवर्ड बदला.' असं केल्यावर काय होतं ते बघा. बहुतेकांची सगळी खाती धंद्याच्याच डोमेनवरच्या ईमेलला जोडलेली असतात. एकाने ईमेलचा पासवर्ड बदलला; डोमेन दुसऱ्याच्या हातात, त्याने चिडून डीएनएस, म्हणजे त्या पत्त्यावरची वेबसाइट आणि मेल कुठे न्यायची हे सांगणाऱ्या नोंदी, फिरवला. त्यातली मेलसाठीची एमएक्स नोंद गेली की मेल यायची बंद. मग पासवर्ड रीसेटची लिंक येत नाही, पडताळणीचा कोड येत नाही, पेमेंट गेटवेची सूचनाही येत नाही. दोघंही बाहेर! तिकडे पैसे भरलेले ग्राहक ऑर्डरची वाट बघतायत, परतावा द्यायला कुणी नाही. नूतनीकरणाची आठवण त्याच बंद पेटीत अडकली, तर डोमेनही हातचं जाऊ शकतं. आणि प्रकरण न्यायालयात गेलं, तर रात्रीत कुलूप लावणारा माणूस स्वतःच्याच विरुद्ध पुरावा तयार करून ठेवतो. प्रवेश बंद करायचाच असेल तर दोघांनी बसून खात्यांची यादी करा, हिशेबाची प्रत दोघांकडे ठेवा आणि काय बदललं ते त्याच दिवशी ईमेलने एकमेकांना कळवा.

तिसरं: 'ग्राहकांची यादी उतरवून घ्या, ती दोघांची असते.' ग्राहकाने आपला नंबर ऑर्डर पोचावी म्हणून दिला, तुमच्या नव्या दुकानाच्या जाहिरातीसाठी नव्हे. युरोपात 2018 पासून लागू असलेला जीडीपीआर हा खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा नेमका हाच प्रश्न विचारतो: माहिती कशासाठी घेतली होती?

चौथं: 'लेखी करार नाही, म्हणजे हक्क नाही.' साफ चूक. नफा वाटल्याच्या नोंदी, चॅट, ईमेल हाही पुरावाच. फोटो, मजकूर, कोड यांचा कॉपीराइट तर बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नोंदणीशिवायच निर्माण होतो. बाहेरच्या माणसाकडून लोगो करून घेतला असेल, तर हक्क लेखी तुमच्याकडे आलेत का, एवढं मात्र तपासा.

पाचवं कलम ऐकायला सगळ्यात अधिकृत वाटतं: 'आयकॅनकडे तक्रार करा, डोमेन परत मिळतं.' आयकॅन ही जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणारी संस्था. तिचं 1999 चं यूडीआरपी हे डोमेनच्या वादांसाठीचं धोरण दुसऱ्याचं नाव बळकावून बसणाऱ्यांसाठी आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन आपल्या ट्रेडमार्कशी तंतोतंत किंवा फसवं जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नोंदणी व वापर दोन्ही वाईट हेतूने झाले. तिन्ही, एकही सोडून चालत नाही. तुमच्या संमतीने, धंदा सुरू करताना भागीदाराने डोमेन घेतलं असेल, तर नोंदणीच्या वेळचा वाईट हेतू कुठून दाखवणार? म्हणूनच भागीदारांची अशी भांडणं तिथले निर्णयकर्ते बरेचदा 'हे न्यायालयात न्या' म्हणून परत पाठवतात. जिंकलात तरी मिळतं ते डोमेनचं हस्तांतरण किंवा ते रद्द होणं. नुकसानभरपाई नाही, नफ्याचा हिशेब नाही, सोशल मीडियावरच्या पानाचा निकाल नाही. ते सगळं एकत्र सोडवायचं तर आधी मध्यस्थ, करारात लवादाचं कलम असेल तर लवाद, नाहीतर न्यायालय. निकाल लागेपर्यंत डोमेन कुणी हलवू नये, असा अंतरिम आदेशही न्यायालयाकडे मागता येतो.