प्रागचा उतार आणि आईंचे गुडघे: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची तक्रार अशी: प्रागवरच्या लेखात मी पोहोर्झेलेत्स या टेकडीवरच्या ट्राम थांब्याहून किल्ल्यातून खाली जुन्या शहरात उतरायची वाट ‘सोपी’ म्हटली. तीन किलोमीटरला पाच तास लागले, आईंचे गुडघे धरले, नदीवरच्या चार्ल्स पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यापेक्षा पर्यटक बस बरी.

‘सोपी’ हा शब्द चुकलाच, लेखातून काढला आहे. उतारावर दम लागत नाही, पण प्रत्येक पावलाला अंगाचा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. किल्ल्यावरून खाली येणाऱ्या नेरुदोवा रस्त्याचा उतार चांगलाच तीव्र, वर दगडी फरसबंदी. या गोल दगडांना चेक लोक ‘मांजराची डोकी’ म्हणतात. पातळ तळव्याच्या बुटांतून ते टोचतात आणि पावसात झिजलेले दगड निसटते होतात. नकाशा वेळ सांगताना सपाट रस्त्यावरची सलग चाल धरतो. इथे ज्येष्ठांसोबत तासाला दोन किलोमीटर धरा, बघण्याचा वेळ वेगळा.

पुलावरची गर्दी हीसुद्धा माझ्या क्रमातलीच चूक. किल्ला आधी केला की पूल भर दुपारी येतो. म्हणून उलटं करा. सकाळी सातला जुन्या शहराच्या बाजूने पुलावर या. पूल 516 मीटरचा, 1357 साली बांधायला घेतलेला, दोन्ही कठड्यांवर मिळून 30 मूर्ती-समूह. सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे समोरचा किल्ला उजेडात दिसतो. पलीकडे मालोस्त्रान्स्के नामेस्ती चौकात 22 नंबरची ट्राम घ्या. पाटी ‘बिला होरा’ हवी, नाहीतर उलट्या दिशेला जाल. पोहोर्झेलेत्सला उतरा. ट्रामला 30 मिनिटांचं तिकीट पुरतं. कागदी तिकिटावर चढताच पिवळ्या यंत्रात एकदा शिक्का मारावा लागतो. तो नसेल तर तिकीट असूनही दंड होतो.

स्त्राहोव मठाच्या आवारातून शहर पाहून लोरेटान्स्का रस्त्याने हळूहळू किल्ल्याकडे या. किल्ल्याचं आवार पहाटे सहापासून उघडं असतं, आतल्या इमारती नऊला उघडतात. पाहून झालं की नेरुदोवाकडे वळू नका. किल्ल्याच्या आतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या चौकातून उत्तरेच्या दाराने बाहेर पडा. खंदकावरचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर ‘प्राझ्स्की ह्राद’ (म्हणजे प्रागचा किल्ला) हा ट्राम थांबा आहे. तिथून तीच 22 आईंना खाली परत मालोस्त्रान्स्केला सोडते. नेरुदोवाची गंमतही अगदीच हुकत नाही: मालोस्त्रान्स्के चौकातून नेरुदोवावर थोडंसं वर 12 नंबरच्या घरावर तीन व्हायोलिनचं चिन्ह आहे. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा पत्ता अशा चिन्हांवरून सांगत.

बसबद्दल मात्र सहमत नाही. चार्ल्स पुलावर वाहन जात नाही, किल्ल्याच्या चौकांत बस शिरत नाही. जिथे उतरवेल तिथून दगडांवरून चालणं आहेच. आईंसाठी जाड तळव्याचे बूट घ्या आणि खिशात 10 व 20 कोरुनांची (चेक चलनाची) नाणी ठेवा, स्वच्छतागृहांना बहुधा पैसे पडतात.