पाच दिवसांची एफडीपी आणि १२० जणांची तुकडी

पाचवीला शिकवायचं तर डी.एड. लागतं, दहावीला बी.एड. लागतं. एफवायच्या १२० मुलांसमोर उभं राहायला मात्र नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएचडी पुरते, आणि या तिन्हींत कुणीही उमेदवाराला फळ्यासमोर उभं करून शिकवायला लावत नाही. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर चार पर्यायांचे थोडे प्रश्न असतात, संपलं. म्हणजे सीनियर कॉलेजच्या शिक्षकाला शिकवायला शिकण्याची जी काही संधी मिळते ती नोकरी लागल्यावरच: ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम) असे प्रशिक्षणाचे कोर्स. १९८७ पासून त्यासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं उभी राहिली, पुढे त्यांची एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्रं) झाली, २०२३ पासून मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण योजनेची केंद्रं झाली. पाट्या बदलल्या. आणि कॉलेजाकॉलेजांत भरणाऱ्या एफडीप्यांनी तर या संधीचा पार चोथा करून टाकला आहे.

पाच दिवसांची ऑनलाइन एफडीपी घ्या. अकराची वेळ. दीपप्रज्वलनाचा व्हिडिओ, स्वागतगीत, प्राचार्यांचं मनोगत, मग रिसोर्स पर्सनचा बायोडाटा: पेपर किती, पीएचडीचे विद्यार्थी किती, कुठल्या कुठल्या समित्यांवर. पाऊण तास गेला. मग साठ स्लाइड. त्यात ब्लूमचा पिरॅमिड, म्हणजे शिकण्याच्या पातळ्यांची उतरंड, आलाच पाहिजे, आधी १९५६चा, मग २००१चा सुधारित. तोच पिरॅमिड गेल्या महिन्यात दुसऱ्या कॉलेजच्या एफडीपीत दाखवलेला असतो. लेक्चर पद्धत आता चालणार नाही, विद्यार्थ्याला कृतीत गुंतवा, हे दीड तास लेक्चर देऊन सांगतात! ऐकणाऱ्या साडेतीनशे जणांपैकी एकाचाही माइक सुरू होत नाही. कॅमेरे बंद. निम्मे लोक त्याच वेळी स्वतःच्या वर्गावर असतात, कारण सेमिस्टर सुरू आहे आणि आठवड्याचे १६ तास कुणी दुसरं घेणार नाही. सुट्टीत ठेवावी म्हणाल, तर सुट्टी पेपर तपासण्यात जाते.

शेवटी चॅटमध्ये हजेरीची लिंक येते, दहा मिनिटांसाठी. मग दहा प्रश्नांची क्विझ, हवी तितक्यांदा द्या, उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच फिरलेली. आणि मग सर्टिफिकेटचा गोंधळ, तोही दर वेळी तसाच. साध्या जीमेल खात्यावरून सर्टिफिकेटं आपोआप पाठवणारी स्क्रिप्ट चालवली की दिवसाला १०० जणांनाच मेल जातात. नोंदणी ३५०. पहिल्या शंभरांना मिळतं, पुढे स्क्रिप्ट थांबते, कोऑर्डिनेटरला पत्ता नसतो, आणि पुढचे चार दिवस ग्रुपवर ‘सर, माझं सर्टिफिकेट आलं नाही’ एवढंच. कॉलेजच्या गूगल वर्कस्पेस खात्याला हीच मर्यादा १,५०० आहे. ते वापरा, नाहीतर रोज नव्वदची बॅच करा. फॉर्ममध्ये ‘सेवापुस्तकात आहे तसं पूर्ण नाव’ असं स्पष्ट लिहा आणि स्क्रिप्ट चालवण्याआधी शीट उघडून नावं नजरेखालून घाला. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नुसती आद्याक्षरं. सर्टिफिकेटवर ‘पासून–पर्यंत’ तारखा आणि एकूण तास छापा. तारखा नसलेला कागद प्रमोशनच्या फाइलमध्ये छाननीला अडकतो, आणि तो शिक्षक दोन वर्षांनी तुमच्याकडे दुरुस्तीसाठी येतो तेव्हा आयोजकांकडे शीटही सापडत नाही.

कागदामागे धावणाऱ्या शिक्षकाला नावं ठेवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला जायचं तर २१ दिवसांचं ओरिएंटेशन हवं, ११ वरून १२ ला जाताना पुन्हा दोन आठवड्यांचे कोर्स. लेव्हल १०चं मूळ वेतन ५७,७०० पासून, ११चं ६८,९०० पासून. घर चालवणाऱ्या माणसाने त्या कागदासाठी धावायचं नाही तर काय करायचं? चीड येते ती नियम लिहिणाऱ्यांची. त्याच नियमांत शिकवण्याचं मूल्यमापन कसं होतं? नेमून दिलेल्या तासांपैकी घेतलेले तास किती. ८० टक्के आणि वर असले की शेरा चांगला. तासात काय झालं, मुलांना काय कळलं, हे त्या तक्त्यात कुठेही विचारलेलं नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकने तर शिक्षकांचं प्रशिक्षण सहाव्या निकषात, प्रशासनाच्या खात्यात टाकलंय. तिथे टक्केवारी विचारतात: किती जण गेले. म्हणून आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजची गुणवत्ता समिती, टक्केवारी भरते, बॅनरसमोर फोटो काढते आणि फाइल बंद करते.

पाच दिवस खरंच हातात असतील तर काय होऊ शकतं? बी.एड.च्या मुलांकडून जे करून घेतात ते करा. सूक्ष्म अध्यापन: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. ३६ मिनिटं. दहा जणांचा गट धरला तर सहा तासांत प्रत्येकाची एक फेरी पूर्ण होते. तीस शिक्षक, तीन गट, तीन अनुभवी निरीक्षक. पाच दिवसांत प्रत्येकाच्या तीन फेऱ्या सहज बसतात आणि दोन दिवस उरतात. पण मग नोंदणी ३५० ठेवता येत नाही, आणि पंधरा वर्षं शिकवलेल्या माणसाला इतरांसमोर सहा मिनिटं उभं राहायचा संकोच वाटतो. खरी अडचण ही आहे, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही.

उरलेल्या दोन दिवसांत एकच पद्धत घ्या, पण मुळापासून. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात वापरलेली पीअर इन्स्ट्रक्शन घ्या. एक संकल्पनेचा प्रश्न, मिनिटभर प्रत्येकाने एकट्याने विचार, मग मत. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्के असतील तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा मत घ्या. ३० च्या खाली असतील तर पुन्हा शिकवा, ७० च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे चला. एफडीपीत यासाठी क्विझची अ‍ॅप दाखवतात. वर्गात निम्म्या मुलांचा डेटा संपलेला, वायफायचा पासवर्ड ऑफिसात. मुलांनी धरलेली कार्डं स्कॅन करणाऱ्या प्लिकर्स या अ‍ॅपला फक्त शिक्षकाचा फोन लागतो, पण त्याची कार्डं जास्तीत जास्त ६३, १२० च्या तुकडीत उपयोग नाही. ए-फोर कागद दोनदा दुमडून चार चौकोन करा, त्यांत अ, ब, क, ड मोठं लिहा, घडी घालून हवं ते अक्षर छातीशी धरायला सांगा. मागच्या बाकावरचं दिसावं म्हणून जाड मार्कर. वर धरलं की मुलं शेजाऱ्याचं बघून बदलतात, म्हणून छातीशी, आणि सगळ्यांनी एकाच वेळी.

वेळ जातो तो प्रश्न घडवण्यात, आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही. चुकीचे पर्याय मनाने बनवू नका, गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतून उचला. कांद्याचा भाव ४० वरून २५ वर आला, लोक जास्त कांदा घेऊ लागले: मागणीचा विस्तार की मागणीतील वाढ? अर्थशास्त्राच्या पेपरात मुलं दर वर्षी इथेच पडतात. असे वीस प्रश्न एका विषयाच्या शिक्षकांनी मिळून बनवले तर ते सेमिस्टरभर पुरतात. एवढं काम दोन दिवसांत होतं. साठ स्लाइडनी होत नाही!

आणि यातलं काहीच ज्यांच्या वाट्याला येत नाही ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतंच मानधन मिळणारे शिक्षक. कित्येक विभागांत फर्स्ट इयरचे तास त्यांच्याच अंगावर असतात. त्यांना ड्युटी लीव्ह नाही. एफडीपीला बसले तर तास बुडतो, तास बुडाला तर त्याचं मानधन जातं, नोंदणीची फी वर खिशातून. प्रमोशन नाही, म्हणून सर्टिफिकेटचाही उपयोग नाही. लॅब असिस्टंटला तर कुणी विचारतही नाही, आणि प्रोजेक्टर बंद पडला की हाक त्यालाच. प्रशिक्षणाचे ते पाच दिवस तासिकावाल्यांच्या बिलात घेतलेले तास म्हणून धरा. प्राचार्यांनी सही करायची तयारी दाखवली आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाने ते बिल परत पाठवलं नाही, एवढं जरी झालं तरी पुढच्या जूनमध्ये फर्स्ट इयरला शिकवणारा माणूस प्रशिक्षणाच्या खोलीत बसलेला असेल.