सी पोर्टेबल आहे, म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हर आपोआप पोर्टेबल होत नाही

नाशिकमधल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : सी ही पोर्टेबल (अनेक प्रणालींवर नेता येणारी) प्रोग्रामिंग भाषा असल्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्याचे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) एकदा सीमध्ये लिहिला की दुसऱ्या प्रणालीवर तो फक्त पुन्हा कंपाइल करायचा, डेटाच्या आकारांची काळजी कंपायलर घेतो, रजिस्टरांसाठी (हार्डवेअरमधल्या नियंत्रणाच्या जागांसाठी) बिट-फील्डचा स्ट्रक्ट (ठरावीक बिटांच्या सदस्यांचा गट) ही सर्वांत स्वच्छ पद्धत आहे, हार्डवेअरशी बोलताना ‘व्होलाटाइल’ हा शब्द लिहिला की पुरे, आणि उरलेसुरले फरक ‘इफडेफ’ने (प्रणालीनुसार कोडचा भाग घेणाऱ्या किंवा वगळणाऱ्या सूचनेने) मिटतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांवरच्या डिस्प्ले पॅनलचे ड्रायव्हर लिहिणे हे माझे रोजचे काम आहे. शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्पासाठी आमच्याकडे येतात ती हाच मजकूर प्रमाण मानून येतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या मुद्द्याच्या पुष्टीसाठी मेसा या मुक्त-स्रोत ग्राफिक्स लायब्ररीचे उदाहरण दिले जाते. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज लिनक्स, बीएसडी, विंडोज आणि हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमांवर चालतो, हे खरेच आहे. परंतु मेसा हा ड्रायव्हरचा वापरकर्त्याच्या बाजूचा अर्धा भाग आहे. मेमरी वाटून देणे, इंटरप्ट (हार्डवेअरने मधेच दिलेली हाक) हाताळणे, पडद्याचा मोड बदलणे ही कामे कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) दुसरा अर्धा भाग करतो आणि तो त्या त्या कर्नलच्या फंक्शनांना घट्ट बांधलेला असतो. लिनक्समधले ग्राफिक्स ड्रायव्हर फ्रीबीएसडीवर आणण्यासाठी लिनक्स कर्नलच्या फंक्शनांची बरोबरी करणारा ‘लिनक्सकेपीआय’ हा वेगळा थर वापरावा लागतो. नुसत्या पुन्हा कंपाइल करण्याने काम भागत असते, तर या थराची गरजच पडली नसती.

आकारांची काळजी कंपायलर घेतो हे विधान तर उलटे आहे : कंपायलर आपल्या प्लॅटफॉर्मचा नियम पाळतो, तुमचा हेतू नव्हे. ६४-बिट लिनक्सवर ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ८ बाइटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटांचा. त्यामुळे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ‘लाँग’मध्ये ठेवणारा कोड एकीकडे वर्षानुवर्षे चालतो आणि दुसरीकडे पत्त्याचा वरचा अर्धा भाग गमावतो. याहून फसवी गोष्ट पॅडिंगची, म्हणजे कंपायलर सदस्यांमध्ये सोडतो त्या रिकाम्या बाइटांची, आहे. एका स्ट्रक्टमध्ये आधी ३२-बिट आणि मग ६४-बिट सदस्य ठेवला, तर ३२-बिट इंटेल लिनक्सवर त्याचा आकार १२ बाइट भरतो आणि ६४-बिट लिनक्सवर १६. जुना ३२-बिट प्रोग्राम हाच स्ट्रक्ट ६४-बिट कर्नलकडे पाठवतो तेव्हा दोघे वेगवेगळ्या जागी वाचत असतात. उपाय सोपा आहे, पण तो स्वतः करावा लागतो : सीच्या सी९९ या आवृत्तीतले निश्चित रुंदीचे प्रकार वापरायचे, पॅडिंगचे सदस्य आपल्या हाताने लिहायचे आणि आकार सी११ च्या स्टॅटिक ॲसर्टने (कंपाइल होतानाच होणाऱ्या तपासणीने) पक्का करायचा.

बिट-फील्डबद्दलचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो दिसायला सुंदर आहे. फील्ड वरच्या बिटापासून भरायची की खालच्या, ती दोन एककांवर पसरू द्यायची की नाही, हे सीचे प्रमाण ठरवत नाही, ते कंपायलरवर सोडते. रजिस्टरमधल्या बिटांच्या जागा मात्र चिप बनवणाऱ्याने कायमच्या ठरवलेल्या असतात. म्हणून मास्क (हवे तेवढेच बिट निवडणे) आणि शिफ्ट (बिट सरकवणे) वापरावेत. कोड चार ओळींनी वाढतो, पण त्याचा अर्थ सगळीकडे एकच राहतो.

बाइटांच्या क्रमाचेही असेच आहे. द्राक्षांच्या पॅकिंग लाइनवरच्या एका पॅनलवर ‘थांबा’ची लाल पट्टी निळी दिसू लागली, तो दिवस मला आजही आठवतो, कारण कोड माझाच होता आणि संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये तो निर्दोष चालला होता. त्या पॅनलचा रंग १६ बिटांचा : ५ लाल, ६ हिरवे, ५ निळे. शुद्ध लाल म्हणजे ११११ १००० ०००० ००००. लिटल-एंडियन प्रोसेसर यातला खालचा बाइट मेमरीत आधी ठेवतो आणि मी मेमरी जशीच्या तशी एसपीआय या जोडणीवरून पाठवत होतो. पॅनल वरचा बाइट आधी येईल असे धरून होते, म्हणून त्याने ०००० ०००० ११११ १००० वाचले, म्हणजे लाल शून्य, हिरवा ६३ पैकी ७, निळा ३१ पैकी २४. सिम्युलेटर तोच अंक थेट १६-बिट म्हणून वाचत असल्याने तिथे चूक उघडी पडणे शक्यच नव्हते. आता मी प्रत्येक रंगाचा वरचा बाइट शिफ्ट करून वेगळा काढतो आणि मगच पाठवतो. धोक्याची खूण निळी दिसणे ही सरकत्या पट्ट्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताच्या सुरक्षेशी निगडित गोष्ट आहे, म्हणून ‘माझ्या संगणकावर चालते’ हा पुरावा मी तेव्हापासून मानत नाही.

‘व्होलाटाइल’ फक्त कंपायलरला सांगते की हे वाचन किंवा लेखन गाळू नकोस आणि अशा इतर लेखनांच्या मागेपुढे करू नकोस. प्रोसेसरला ते काहीच सांगत नाही. कमांड मेमरीत लिहून मग डोअरबेल रजिस्टर (चिपला ‘काम आले’ असे कळवणारे) वाजवले, तर एआरएम प्रोसेसरवर डोअरबेल आधी पोहोचून ग्राफिक्स चिप अर्धवट कमांड उचलू शकते. इंटेलच्या प्रोसेसरवर लेखनांचा क्रम एरवी बराच कडक असल्याने ही चूक तिथे झाकली जाते. लिनक्समध्ये रजिस्टरात लिहिण्याच्या नेहमीच्या फंक्शनात यासाठीच बॅरिअर (आधीची लेखने आधी पोहोचवणारी आडकाठी) असतो, आणि ‘रिलॅक्स्ड’ नावाच्या प्रकारात तो नसतो.

राहिला इफडेफ. तो थोडा असेल तर चालतो; तर्काच्या मधोमध पसरला की कोणत्या प्रणालीवर कोणती ओळ चालते हे कुणालाच सांगता येत नाही. फरक एका अरुंद थरात गोळा करावेत, पण हा थरही कुठे असावा याचा विचार लागतो. एएमडीने अनेक प्रणालींसाठी सामाईक असलेला आपला डिस्प्ले कोड २०१६ मध्ये लिनक्सला देऊ केला, तेव्हा त्यातल्या अमूर्तीकरणाच्या (प्रणालींमधले फरक झाकणाऱ्या) थरामुळे लिनक्सच्या ग्राफिक्स विभागाची जबाबदारी सांभाळणारे डेव्ह एअरली यांनी तो तसाच घ्यायला नकार दिला. बराच बदलल्यावर तो लिनक्स कर्नलच्या ४.१५ या आवृत्तीत दाखल झाला.

ज्यांच्याकडे एकच लॅपटॉप आहे, त्यांनीही जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांनी कंपाइल करावे, एकदा ३२-बिटचा पर्याय द्यावा, ‘कॅर’ (एका बाइटाचा प्रकार) बिनचिन्ह धरण्याचा पर्याय एकदा लावावा (एआरएम लिनक्सवर तो मुळातच तसा असतो) आणि चाचण्या क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) बिग-एंडियन, म्हणजे वरचा बाइट आधी ठेवणाऱ्या, प्रोसेसरवर चालवून पाहाव्यात. या कामाला एक दुपार पुरते.