रॅम्प बांधा, पण चढ जरा ताठ ठेवा

सगळ्यात आधी अभिनंदन. तालुका क्रीडा संकुलाच्या समितीवर तुमची वर्णी लागली, चौकात फ्लेक्स लागला, आता कामाला लागा. ट्रॅकवर मुरूम किती टाकायचा आणि बिलात किती दाखवायचा, हे तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. एका बाबतीत मात्र भलेभले फसतात. कधी ना कधी कुबडीवर, तीनचाकीवर नाहीतर पांढरी काठी घेऊन कोणीतरी गेटवर येतं आणि म्हणतं, "मलाही खेळायचंय." अशा वेळी गडबडू नका, आणि 'नाही' तर मुळीच म्हणू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३० खास खेळांसाठी घातलंय. मैदानं, प्रशिक्षण, साधनं दिव्यांगांना जमतील अशी करा, पैसा ठेवा, स्पर्धा भरवा, असं त्यात लिहूनच ठेवलंय. 'नाही' म्हणालात की अडकलात. तेव्हा तोंड भरून 'हो' म्हणा आणि पुढे सांगतो तसं वागा.

सुरुवात रॅम्पपासून. रॅम्प हवाच, त्याशिवाय फोटो कशाचा काढणार? नियम एकास बाराचा आहे. इमारतीचा ओटा तीन फूट उंच असेल तर रॅम्प छत्तीस फूट लांब लागतो, मध्ये टेकायला सपाट जागा वेगळी. एवढी जागा रॅम्पला दिली तर साहेबांच्या गाड्या कुठे लावायच्या? म्हणून सहा फुटांत उरका. हॉलची उरलेली चकचकीत फरशी त्यावर बसवा. पहिला पाऊस पडला की तिचं सोनं होतं. कठडा एकाच बाजूला करा, म्हणजे फीत बांधायची सोय होते. आणि वर, दाराशी, चार बोटांचा उंबरठा विसरू नका. खालून एखादा गडी दोघांच्या मदतीने व्हीलचेअर रेटत वरपर्यंत आलाच, तर पुढची दोन चाकं तिथे अडतात, खुर्ची पुढे कलते आणि बसलेला माणूस दोन्ही हातांनी चौकट धरतो. फोटोग्राफरला कडेने उभा करा, उंबरठा दिसत नाही.

असा रॅम्प वाया जातो असं समजू नका. त्यावरून डीजेचे बॉक्स चढतात, चहाची टाकी चढते, रविवारी एखादी बुलेटही चढते. लाभार्थ्यांची संख्या कागदावर चांगली दिसते.

दंडाची भीती घालणारे भेटतील. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने पाच वर्षं दिली होती. नियम आले २०१७च्या जूनमध्ये, म्हणजे मुदत संपली २०२२च्या जूनमध्ये. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा हजारांपर्यंत. तुमच्या सत्काराच्या फेट्यांना आणि हारांना याहून जास्त लागले असतील. दुसऱ्यांदा सापडलात तर पन्नास हजार ते पाच लाख, पण पहिल्यांदा सापडलेला माणूस मला अजून भेटायचाय. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नुसत्या मार्गदर्शक सूचना चालणार नाहीत, किमान निकष सक्तीचे करा, असं केंद्र सरकारला सांगितलं. दिल्लीत सांगितलेलं आपल्या तालुक्यात पोचायला काय लागतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता खुली व्यायामशाळा. हिरवी-पिवळी यंत्रं, वर लोकप्रतिनिधींचं नाव. ही यंत्रं मोकळ्या काळ्या मातीत रोवा. सिमेंटचा पट्टा टाकू नका, पैसे वाचतात आणि गर्दीही आवरते. आपल्या काळ्या मातीने जेवढे दिव्यांग अडवले तेवढे एकाही शिपायाने अडवले नसतील. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, त्यात कुबडीचं टोक जातं. पावसाळ्यात तीच माती चाकाला अशी धरते की चार वेढ्यांत चाक आणि चौकट यांच्यातली फट बुजते आणि गाडी जागच्या जागी बसते. मग माणसाने खाली हात घालून बोटांनी चिखल खरवडायचा. सगळी यंत्रं उभ्याने वापरायची घ्या. हातांनी फिरवायचं, बसल्या जागी ओढायचं एखादं यंत्र यादीत असतं. ते 'नंतर बघू'मध्ये टाका.

वर्षातला एक दिवस मात्र सांभाळावा लागतो. ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. त्या दिवशी जिल्ह्यातल्या निवासी शाळांमधली पोरं सकाळी सातलाच मैदानावर आणून बसवा. पाहुणे अकराला येतात. स्पर्धा ठरलेल्या ठेवा: लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. होय, मूकबधिर शाळेलाही संगीत खुर्चीच. एका कार्यक्रमात मी हा खेळ जवळून पाहिला. गाणं कुणालाच ऐकू येत नव्हतं, पण खुर्च्यांभोवती फिरणारी सगळी पोरं मान वळवून एकाच ठिकाणी पाहत होती: साउंडवाल्याच्या अंगठ्याकडे. अंगठा बटणावर टेकायच्या आत सगळे बसलेले. उभी राहिली ती एकटी, फ्रॉकचं बटण तुटलं म्हणून खाली वाकलेली. सूत्रसंचालक म्हणाले, "बघा, यांना सुद्धा संगीत कळतं." टाळ्या पडल्या. नंतर शंभर मीटरची शर्यत शिट्टीवर सोडली. ज्यांना शेजारचा पळताना दिसला ते पळाले, कडेचा एक मुलगा बराच वेळ रेषेवरच उभा होता. त्याला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा मिळाला.

झेंडा खाली पाडून शर्यत सोडता आली असती, असं कोणी तरी कुजबुजलं. अशा माणसांवर लक्ष ठेवा. तुमच्या कामात खरा अडथळा तेच आणतात, कारण त्यांच्याकडे स्वस्तातले उपाय असतात. ते म्हणतील, आंधळ्या पोरांसाठी छर्ऱ्यांचा आवाज करणारा चेंडू मागवा, आणि तो येईपर्यंत साधा चेंडू कॅरीबॅगमध्ये गुंडाळा, जमिनीवर खुळखुळत जातो. ते म्हणतील, गोलबॉल या न दिसणाऱ्यांच्या चेंडूच्या खेळात रेषा पायाला लागावी म्हणून सुतळीवर चिकटपट्टी मारतात, तेवढी मारा. न दिसणाऱ्या मुलाला पळायचं असेल तर हातभर दोरी घ्या, एक टोक त्याच्या हातात, दुसरं डोळस मित्राच्या. पॅरालिम्पिकमध्येही असंच पळतात. बसून गोळा फेकायला लोखंडी चौकट लागते, ती जमिनीत पक्की रोवून खेळाडूला पट्ट्यांनी बांधतात. मोंढ्याजवळचा कोणताही वेल्डर करून देईल. ऐकलंत? सुतळी, कॅरीबॅग, दोरी, वेल्डर. हे एकदा लोकांना कळलं की तुमचं 'निधीअभावी' कोण ऐकणार? अशा माणसाला ताबडतोब समितीचा सल्लागार नेमा आणि पुढच्या बैठकीची तारीख त्याला कळवू नका.

निधीवरून आठवलं. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात. हा पैसा ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ब्लँकेट वाटा. मराठवाड्यातलं ऊन बघता ब्लँकेट ही दूरदृष्टीच आहे. व्हीलचेअर वाटायच्या असतील तर सगळ्यांना एकाच मापाच्या द्या, नऊ वर्षांच्या पोरीलाही आणि नव्वद किलोच्या पाटलालाही. खेळायच्या खुर्चीची चाकं खाली फाकलेली असतात, त्यामुळे ती झटकन वळते आणि उलटत नाही, वगैरे तपशिलात शिरू नका. खुर्ची म्हणजे खुर्ची.

त्यातूनही कोणी फार मागे लागलं तर आपलं हुकमाचं पान काढा: अनुशेष, म्हणजे विकासाची राहून गेलेली बाकी. आवाज जरा जड करून म्हणा, "अहो, इथं धडधाकटांनाच धड मैदान नाही. आधी त्यांचं होऊ द्या, मग तुमचं बघू." दांडेकर समितीने १९८४मध्ये मराठवाड्याचा अनुशेष मोजून दिला, पुढे वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदतही ३० एप्रिल २०२०ला संपली. एवढी वर्षं मुंबई-पुण्याकडून आपण 'आधी त्यांचं, मग तुमचं' हेच ऐकत आलो. उत्तर आपलं तोंडपाठ आहे, घरच्या माणसांवर वापरलं नाही तर वाया जाईल. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनानंतर याच मैदानावर मागासलेपणावर भाषण करायचं असतंच; दोन्ही एकाच दमात बसतं.

सत्कारात मात्र कंजुषी नको. तिथे मन मोठं करा. नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातल्या होनवडजची भाग्यश्री जाधव आपलीच. बसून गोळा फेकते, टोकियोच्या पॅरालिम्पिकला खेळली, हांग्झोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य घेतलं आणि २०२४ला पॅरिसमध्ये सुमित अंतिलच्या जोडीने देशाचा झेंडा घेऊन चालली. त्या पॅरिसमध्ये भारताला २९ पदकं मिळाली, त्यात सात सुवर्ण. 'मराठवाड्याची वाघीण' असा फ्लेक्स करायला हरकत नाही, त्यावर तुमचा फोटो तिच्यापेक्षा थोडा मोठा. फक्त एक प्रश्न कोणाला विचारू देऊ नका: तिच्यासारखी दुसरी एखादी उद्या आपल्या संकुलात आली, तर तिची खुर्ची बांधायची कुठे?

सत्काराचा योग्य काळही पाळा. मुरलीकांत पेटकरांनी १९७२मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकलं, देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री २०१८मध्ये दिली आणि अर्जुन पुरस्कार २०२५मध्ये, त्यांच्या ऐंशीत. घाई केली नाही, म्हणून खेळाडूचं डोकं जमिनीवर राहिलं. त्यांच्या गोष्टीतला एक भाग मात्र भाषणात गाळा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्यावर ते पाण्यात उतरले ते पदकासाठी नव्हे, उपचार म्हणून. म्हणजे कोणीतरी त्या जखमी जवानाला तलावाच्या काठावरून 'तुम्ही कशाला उगाच त्रास घेता' असं म्हणून परत पाठवलं नव्हतं.

हे वाक्य नीट पाठ करा, पुढे फार लागेल. कारण तुम्हाला खरी अडचण पदकवाल्यांची नाही. पदकवाले वर्षातून एकदा येतात, नारळ-शाल घेतात, जातात. जड जातो तो ज्याला पदक नकोच आहे. उदाहरणार्थ मोंढ्यातले एक मुनीमकाका. लहानपणी पोलिओ झाला, एका पायात कॅलिपर, बगलेत कुबडी. तीस वर्षं गादीवर बसून हिशेब लिहिला आणि पन्नाशीत शुगर निघाली. डॉक्टरांनी मान वर न करता लिहिलं: रोज पाऊण तास चालणे. काकांचा खांदा कुबडीने आधीच धरलेला. त्यांना हवंय काय? सकाळी अर्धा तास सपाट जागा, धरायला कठडा, भिंतीत दोन हुक आणि ओढायला रबरी पट्टा. एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये सांगून टाकलंय की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि अपंगत्व असलेल्यांनाही तेवढाच. त्यातून दिव्यांगांना सवलत मिळवून द्यावी, हे तिथे एवढ्या तज्ज्ञांपैकी कोणालाच सुचलं नाही. ती तुम्ही द्या. काका गेटवर दिसले की पुढे होऊन प्रेमाने दंडाला धरा. "काका, ह्या वयात कशाला हे? बसा, चहा घ्या. पोरं खेळतात ते बघा." काका सभ्य आहेत, चहा घेतील. साखर घालून द्या.

काका खासगी जिमकडे वळले तरी काळजी नको. तालुक्यातली जिम हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, बाहेरून लावलेल्या लोखंडी जिन्याने असते. मालक चांगला पोरगा आहे, तो म्हणेल, "काका, पडलात तर माझ्यावर येईल." काका कुबडीवर चाळीस वर्षं न पडता फिरले, हे त्याच्या लक्षात आणून देण्याची गरज नाही.

मुलींसाठी वेगळं काही करावं लागत नाही. त्यांचं घरच करतं. शंभरातली एखादी आईला पटवून मैदानापर्यंत आलीच, तर दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह बंद ठेवा. आत सिमेंटची पोती, चुन्याची डबडी आणि मागच्या वर्षीचे फ्लेक्स रचलेले असावेत, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई लग्नाला. दोन तासांच्या सरावाला यायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी मुलगी फार दिवस टिकत नाही. मे महिन्यात तर नाहीच.

एवढं करूनही एखादा चिवट अर्ज करतोच. अर्ज आला की पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयापर्यंत जायच्या आत उत्तर द्यावं. मसुदा खाली देतो, तारीख घालून टाईप करून घ्या.

"विषय: क्रीडा संकुलातील रॅम्प, स्वच्छतागृह व व्यायाम साहित्याबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर संकुलात रॅम्प अस्तित्वात असून त्याचा उतार प्रत्यक्ष पाहणीअंती समाधानकारक आढळून आला आहे. पाहणी समितीचे सर्व सदस्य सदर रॅम्पवरून विनासायास चालत गेले. उर्वरित मागण्यांबाबत आपले म्हणणे ऐकून घेण्यासाठी सुनावणी ठेवण्यात आली असून आपण मूळ प्रमाणपत्रासह समक्ष उपस्थित राहावे. प्रतिनिधी चालणार नाही. स्थळ: दुसरा मजला."